मेणाचं जाकीट आणि सह्याद्रीतली वाफ

आषाढ लागला की नेरूळच्या घरी मामाच्या कपाटातून एक वास यायला लागतो. मेण, जुनं तेल आणि बुरशी, तिन्ही मिळून. मामी दरवर्षी म्हणते की या घरात एक तर ते जाकीट राहील नाहीतर मी. आणि दरवर्षी तीच ते गॅलरीतल्या दोरीवर टाकते, गार पाण्याच्या फडक्याने पांढरे ठिपके पुसून काढते. साबण लावायचा नाही, गरम पाणी नको, मशीनमध्ये तर घालायचंच नाही. मेण निघून जातं.

मामा व्यापारी जहाजांवर इंजिनीयर होता. परीक्षेसाठी इंग्लंडात, टाइन नदीच्या मुखावरच्या साउथ शील्ड्स गावी काही महिने राहिला होता. बोटीवर काम करणाऱ्या कितीतरी भारतीयांना ते गाव परीक्षेमुळे ठाऊक आहे. त्याच गावात १८९४ साली जॉन बार्बर यांनी खलाशांना आणि गोदी कामगारांना तेलकापडाचे कोट विकायचं दुकान काढलं, आणि पुढे त्या नावाचा जगभर बोलबाला झाला. मामाचं जाकीट मात्र जुन्या बाजारातलं. आतली पट्टी केव्हाच झिजून गेली आहे. जाड सुती कापड, त्यात मुरवलेलं मेण, कॉर्डुरॉयची कॉलर, पितळी चेन. चाळीस वर्षं झाली.

मी पावसाळ्यात ट्रेक नेते. पंधरा-वीस जणांचा गट असतो, बहुतेक पनवेल, खारघर, वाशीकडचे. यंदा मामा म्हणाला, प्रबळगडाला मीपण येतो, आणि कपाटातून ते जाकीट काढून खांद्यावर टाकलं.

"जाकीट येणार असेल तर तू येऊ नकोस," मी म्हणाले.

"का? माझ्यापेक्षा ते जास्त पावसाळे बघून आलंय."

"कोरडं असतानाच दीड किलोच्या आसपास भरतं. माझं साडेतीनशे ग्रॅमचं आहे, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढं होतं. आणि ते सुती आहे, मामा. गटावर माझा पहिला मेसेज काय असतो माहितीय? जीन्स घालू नका, सुती टीशर्ट घालू नका. सूत पाणी पितं आणि सोडत नाही."

"सूत पाणी पितं म्हणूनच तर चालतं!" मामा आता खुर्चीत नीट बसला. "शीड बघितलंयस ना? शिडाच्या जहाजावर वारा पडला की खलाशी शिडांवर पाणी मारायचे. सुताचा धागा भिजला की फुगतो, विणीतली भोकं बुजतात, वारा आरपार जात नाही. मग कुणाला तरी सुचलं की शिडाला तेल लावू, म्हणजे ते पाणी पिऊन जड होणार नाही. फाटक्या शिडाचेच अंगरखे शिवायचे. जवसाचं तेल पिवळं पडायचं, थंडीत ताठ व्हायचं, म्हणून १९३०च्या दशकात मेण आलं. हे जाकीट म्हणजे त्या शिडाचा नातू."

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात उत्तर अटलांटिकमध्ये काही व्यापारी जहाजांवर एकेक लढाऊ विमान ठेवलेलं असे. ते रॉकेटच्या जोराने आकाशात सोडायचं. परत उतरायला धावपट्टी नाही, त्यामुळे वैमानिकाने समुद्रात उडी मारायची आणि कुणीतरी उचलून घेईपर्यंत जिवंत राहायचं. त्या बर्फगार पाण्यात माणूस काही मिनिटांत संपायचा. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी त्यांच्यासाठी कापड बनवलं, व्हेंटाइल. रबर नाही, मेण नाही, नुसतं लांब धाग्याचं सूत इतकं दाट विणलेलं की भिजताक्षणी फुगून दार लावून घ्यायचं. त्या कापडाच्या पोशाखाने वैमानिकांना पाण्यात तग धरायला जास्त वेळ मिळाला.

"सूत मारतं म्हणतेस," मामा म्हणाला. "सुताने माणसं वाचवलीयत."

मला मामाचं हे आवडतं. कुठल्याही वस्तूमागची माणसं त्याला दिसतात. पण मला माझ्या मागे चालणारी माणसं दिसत होती.

"मामा, तो समुद्र बर्फाचा होता. गिर्यारोहक मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर गॅबर्डीनचं सुती जाकीट घालून गेला, तिथे कोरडी थंडी. आपल्याकडे जुलैत काय असतं? माचीवर चोवीस-पंचवीस अंश, हवेत पाणी भरलेलं, आणि अंगावर चढणीचा घाम. प्रयोगशाळेतल्या बेताच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी नुसतं हवेतून ओढून घेतं. नायलॉन चार टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. प्रत्यक्ष पाऊस तर बाजूलाच राहिला."

"आणि भिजलं की सुताची ताकद वाढते, नायलॉनची कमी होते. हेही सांग गटावर."

"सांगेन. पण ताकद वाढलेलं जाकीट वाळणार कधी? ऑक्टोबरात?"

मामी आतून चहा घेऊन आली. म्हणाली, "मागच्या वेळी दिवाळीत वाळलं होतं."

मामा चहा पिईपर्यंत गप्प राहिला. मग माझ्याकडे वळला.

"तुझं हे जाकीट कितवं?"

"तिसरं."

"आधीची दोन कुठेत?"

उत्तर मला द्यावंसं वाटत नव्हतं. दोन्ही कपाटात असतानाच गेली. आतला पातळ थर आधी चिकट झाला, मग साबणाच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. पॉलियुरेथेनच्या थराला ओल लागत राहिली की त्याचे रासायनिक बंधच तुटतात. न वापरताही तुटतात. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असलेल्या या शहरात कपाट कोरडं ठेवायचं म्हणजे वर्षभराचा उद्योग. मेणकापडाला बुरशी येते ती पुसता येते. सुटलेला थर पुन्हा बसवता येत नाही. गेल्या वर्षी करवंदीच्या जाळीत माझ्या जाकिटाची बाही फाटली, त्यावर मी चिकटपट्टी लावली आहे. मामाच्या जाकिटाच्या कोपरावर मामीने घातलेलं ठिगळ मूळ कापडापेक्षा घट्ट आहे.

"आणि तुझ्या कापडावर पाणी मोत्यासारखं घरंगळतं," मामा म्हणाला, "ते कशाने? पेपरात आलं होतं, कायमची रसायनं म्हणून."

तेही खरं. पाणी झटकणारा वरचा लेप बरीच वर्षं फ्लोरिनच्या संयुगांचा होता, आणि ती मातीत, पाण्यात, माणसाच्या रक्तात उतरतात आणि विघटित होत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२५पासून अशा रसायनांच्या नव्या कपड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, पण अतिपावसात वापरायच्या कपड्यांना मात्र २०२८पर्यंत सवलत दिली. म्हणजे नेमका माझाच कपडा वगळला. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचं वाईटही वाटलं होतं.

"मामा, मला एवढंच माहितीय की राजमाचीच्या वाटेवर एक मुलगा माझ्यासमोर थरथरायला लागला होता." हे मी त्याला आधी कधी सांगितलं नव्हतं. "जुलै महिना. बर्फ नाही, काही नाही. जीन्स आणि जाड सुती हूडी. चढताना घामाने भिजला, वर पावसाने भिजला, मग आम्ही खिंडीत वाऱ्यात थांबलो. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट उष्णता खेचून नेतं. अर्ध्या तासात त्याचे शब्द अडखळायला लागले. नाव विचारलं तर हसायला लागला."

"मग?"

"उधेवाडीत एका घरात नेलं. कपडे बदलले. त्या घरातल्या आजींनी घोंगडी आणली आणि त्याला गुंडाळून चुलीजवळ बसवलं. बाहेर धो धो पाऊस, ओलं घर, ती घोंगडीही दमट लागत होती हाताला. तरी तो तासाभरात माणसात आला."

मामा हळूच म्हणाला, "लोकर."

हो, लोकर. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते तरी ओली लागत नाही, आणि वाफ घेताना थोडी ऊब सोडते. दख्खनी मेंढीची राठ लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेल्या पट्ट्या, आणि वरून चिंचोक्याची खळ. ही खळ चढली की घोंगडी ताठ होते, तिचे धागे एकमेकांना धरून बसतात, पावसाचं पाणी एकदम आत शिरत नाही. धनगर त्याच घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतात, तीच रात्री अंथरतात. साउथ शील्ड्सच्या खलाशाने शिडाला तेल लावलं आणि इकडे घोंगडी विणणाऱ्या आपल्या सनगरांनी तिला चिंचोके चोळले. मला वाटतं मामाला त्याच्या जाकिटाचा खरा भाऊ त्या दिवशी सापडला. तो बराच वेळ उधेवाडीबद्दल विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "ये. एक हिशेब दाखवायचाय."

टेबलावर वाफेच्या कोष्टकांचं जुनं पुस्तक उघडं होतं. इंजिनरूममधलं, कोपऱ्यांना ग्रीसचे डाग.

"तुझं जाकीट श्वास घेतं म्हणतेस. म्हणजे घामाची वाफ आतून बाहेर जाते. पण वाफ कशाने जाते? दाबाच्या फरकाने. बॉयलर असो की माणूस." त्याने पेन्सिलीने तीन आकडे लिहिले. "घामेजलेली कातडी पस्तीस अंश. वाफेचा दाब पाऱ्याचे ४२ मिलिमीटर. विलायतेत बाहेर पाच अंश आणि पाऊस, तर तिथे साडेसहा. फरक पस्तीस-छत्तीस. आता आपला प्रबळगड. बाहेर पंचवीस अंश, हवा वाफेने काठोकाठ. २४. फरक किती उरला?"

"अठरा."

"निम्मा. ढकलणारा जोरच निम्मा. आणि तुझं कापड वरून भिजून चिंब झालं की तेवढाही नाही. बॉब गोरने १९६९ साली टेफ्लॉन ताणून वाफ जाऊ देणारा पडदा शोधला, १९७६ला त्याची जाकिटं बाजारात आली. हुशार काम आहे, मी नाकारत नाही. पण ज्यांच्या डोंगरासाठी ते केलं ते गार डोंगर आहेत."

"आणि तुझं मेणाचं?"

मामाने पेन्सिल खाली ठेवली. "माझ्यातून जवळजवळ शून्य जाते. तेही मी मांडलंय. मागच्या पानावर."

मी ते पान उलटून पाहिलं. मांडलं होतं.

माणूस आपल्या बाजूविरुद्धचा हिशेब स्वतः मांडतो, तो पानावर ठेवतो आणि मग आपल्याला बोलावतो, असं माझ्या ओळखीत फार वेळा घडलेलं नाही. म्हणून मी म्हणाले, चल, प्रबळगड राहू दे, आधी खारघरला जाऊन बघू.

खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. आम्ही त्या रस्त्याने निघालो. पांडवकड्याकडे गेलो नाही. तिथे माणसं बुडतात, वनखातं बंदी घालतं, आणि ती बंदी मला योग्य वाटते. पाऊस एकसारखा होता, वारा बेताचा. मामा मेणाच्या जाकिटात, मी माझ्या. अर्ध्या तासाने मामाने चेन खाली ओढली. मी बगलेखालच्या चेनी आधीच उघडल्या होत्या. पाऊण तासाने दोघांनी टोप्या मागे टाकल्या. मेण अंगाच्या उष्णतेने मऊ झालं होतं, मामाच्या मानेला काळपट रेघ उठली होती. माझी बाही आतून कातडीला चिकटत होती. वळणावर थांबून आम्ही जाकिटं काढली आणि एकमेकांच्या पाठी बघितल्या. दोघांचेही शर्ट पिळून काढण्यासारखे, आणि त्यातलं पावसाचं पाणी फार थोडं.

"डकबॅकची आठवण आली," मामा म्हणाला. कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२०मध्ये सुरू केलेल्या त्या स्वदेशी कारखान्याचा रबर लावलेला रेनकोट आमच्या घरातल्या सगळ्या मुलांनी घातला आहे. त्या कापडाचं कुळ ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशपर्यंत जातं. दोन कापडांमध्ये रबराचा थर, पेटंट १८२३चं. शाळेत पोचेपर्यंत आतला गणवेश ओला असायचा आणि आई विचारायची, रेनकोट गळतो का गं? तो गळत नव्हता.

तेवढ्यात वरून एक बाई उतरल्या. डोक्यावर टोपली, त्यात कुर्डू आणि कंटोली, खारघरच्या बाजारात विकायला. टोपलीखाली प्लॅस्टिकची खोळ, एक कोपरा दुसऱ्यात दुमडून डोक्यावर चढवलेली, पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत मोकळी सोडलेली. समोरून सगळं उघडं. त्या आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने चालत होत्या. मामाने त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली, तो कुणाशीही बोलतो. त्यांनी आमच्या हातातली जाकिटं बघितली आणि विचारलं की एवढं गच्च घालून चढता कसे. त्यांच्या घरी पूर्वी इरलं असायचं, बांबूच्या कामट्यांचं, मधे पानं भरलेलं, भात लावताना ओणवं झालं की पाठीवर छपरासारखं बसायचं. आता प्लॅस्टिक. पण अंगाला लागू द्यायचं नाही, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

त्या गेल्यावर मामा बराच वेळ त्या वळणाकडे बघत होता.

"छप्पर," तो म्हणाला. "आपण दोघं पिशवी नेसलोय. त्या छप्पर घेऊन चालतात."

मला जे इतकी वर्षं नीट म्हणता येत नव्हतं ते हेच होतं. सह्याद्रीतल्या चढणीवर पाणी बाहेरून येतं त्याहून जास्त आतून येतं. दमट उष्म्यात चढताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि तो जायचा एकच खरा रस्ता आहे, कापडाखालून मोकळी वाहणारी हवा. म्हणून मला आता वाटतं की चढताना छत्री किंवा सैल पोंचो बरा, भिजायचं ते खुशाल भिजावं, आणि अंगालगत पाणी न धरणारा पातळ कपडा असावा. सांभाळायचं असतं थांबल्यावर. वर पोचल्यावर वारा अडवायला पातळ विंडचीटर, आणि सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला लोकरीचा एक कोरडा कपडा. ती पिशवी ज्याच्याकडे नाही त्याला मी पुढे नेत नाही. कपाळावर आठ्या आल्या तरी चालतील. आणि हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर कुणीच कुठे जायचं नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. त्या वाडीचा डोंगर प्रबळगडाच्या शेजारचा. कुठलंही कापड त्या पावसाचं नाही.

"म्हणजे मी हरलो," मामा उतरताना म्हणाला.

"पावसाळ्यात हरलास. डिसेंबरात मी तुझ्याकडून ते मागून नेईन." हे मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या वाऱ्यात, शेकोटीजवळ, माझ्या नायलॉनला ठिणगी पडून भोक पडतं. सुताला पडत नाही तेवढं सहज. काट्यात, दगडात, थंड कोरड्या वाऱ्यात ते जाकीट माझ्या तिन्हींपेक्षा सरस आहे, आणि डबी गरम पाण्यात ठेवून मेण पुन्हा चोळलं की आणखी वीस वर्षं राहील. फक्त ते जिथलं आहे तसं हवामान आपल्याकडे वर्षातून दोन-तीन महिने येतं.

मामाला तेवढ्याने भागलं नाही. पुढच्या रविवारी गेले तर हॉलमधली टीपॉय बाजूला सारलेली, जमिनीवर सुती कापड पसरलेलं, जुन्या ताडपत्रीच्या वळणाचं पण पातळ, आणि मामी खडूने त्यावर आखत होती. स्वयंपाकघरात एका जुन्या पातेल्यात मेण वितळत होतं.

"खोळ," मामा म्हणाला. "समोरून उघडी, खांद्यावर दोन कामट्या, पाठीला टेकणारच नाही. वारा खालून वर जाईल. प्लॅस्टिक नको, ती रसायनं नकोत, फाटली तर ही शिवेल."

"मी शिवणार नाही," मामी म्हणाली, आणि आखत राहिली.

"मामा, वारा जोरात आला तर त्याचं शीड होईल. कड्यावर उभा असशील आणि ते तुला घेऊन जाईल."

"म्हणून कमरेला बंद."

"बंद बांधलास की पुन्हा पिशवी."

तो थांबला. मामीने खडू ठेवला. मग मामा उठून आतून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आला, कापडाची घडी त्यावर ठेवली, आकडा बघितला आणि मला दिसू नये म्हणून काटा आपल्याकडे वळवून घेतला.

"मेण लावायच्या आधीचं आहे हे?" मी विचारलं.

"गप," मामा म्हणाला. "आधी बंदाचं काय करायचं ते सांग."